वस्तादाने राखून ठेवलेला डाव

तालमीतली एक गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका वस्तादाने आपल्या लाडक्या पठ्ठ्याला सगळे डाव शिकवले. पठ्ठ्या तयार झाला, त्याला गर्व चढला आणि भर दरबारात त्याने वस्तादालाच आव्हान दिलं. कुस्ती लागली. वस्तादाने एकच डाव शिकवायचा राखून ठेवला होता. तो त्याने टाकला आणि पठ्ठ्या चीतपट झाला. ही गोष्ट ऐकून मुलांनी गुरूपुढे नम्र राहायला शिकावं, असा सांगणाऱ्याचा हेतू असतो. मला मात्र ती ऐकताना नेहमी वाटायचं, की हा वस्ताद पुढे म्हातारा होऊन वारला असेल, तेव्हा त्या राखलेल्या डावाचं काय झालं असेल?

जबलपुरात एखाद्या मैदानाच्या कडेला संध्याकाळी उभं राहिलं, की ही शंका पुन्हा डोकं वर काढते. धुळीत मुलं फुटबॉल खेळत असतात. बाजूला गळ्यात शिट्टी अडकवलेले त्यांचे सर असतात. मुलांचं काय होणार, कुठवर जाणार, याची चर्चा सगळेच करतात. सरांना हे कुणी शिकवलं आणि सरांच्या मागे ते कुणाकडे जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्याकडे फुटबॉलचा इतिहास लिहिला जातो तो चषकांचा, क्लबांचा आणि गाजलेल्या खेळाडूंचा. शिकवणाऱ्यांचा इतिहास तुकड्यातुकड्यांत पडून आहे. त्यातले मध्य भारतातले आणि मराठी मुलखाशी नातं असलेले काही तुकडे इथे जोडून बघायचे आहेत.

सुरुवात गावापासूनच करू. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या आणि मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला. छावणी आधीपासून होतीच. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. छावणी, रेल्वे आणि कारखाना या तीन ठिकाणी दिवसभराचं काम संपलं की खेळणारी माणसं होती. मराठी घरं इथे नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून होती. पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि रेल्वेत नोकरीसाठी आणखी आली. त्या घरांतल्या मुलांना फुटबॉल दिसला तो असा, साहेबाच्या आणि शिपायाच्या पायात.

देशभर चित्र हेच होतं. सिमल्याला १८८८ मध्ये ड्युरँड स्पर्धा सुरू झाली, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक आला आणि दोन्ही ठिकाणी सुरुवातीला पलटणींचाच वरचष्मा होता. १९११ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात २-१ असं हरवलं, तेव्हा त्या विजयाला खेळापलीकडचा अर्थ आला तो यामुळेच. पण गोऱ्या पलटणींना हरवणाऱ्यांना कुणी पद्धतशीर शिकवलं होतं असं नाही. खेळ बघून उचलला जात होता. ज्याच्या पायात आणि डोक्यात उपजत काही होतं तो पुढे जायचा. बाकीचे कडेला राहायचे.

पलटणीत शिकवणं होतं, पण ते अनुभवी माणसाच्या सावलीत उभं राहून शिकणं होतं. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण फुटबॉलमधलं नाही, हॉकीतलं आहे, आणि त्याचा एक धागा जबलपुरातून जातो. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांचा जन्म १९०८ मध्ये जबलपूरचा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्या सामन्यात एकट्या रूपसिंग यांचे दहा गोल होते. ध्यानचंद १९२२ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झाले आणि त्यांना हॉकीचे पहिले धडे दिले पलटणीतल्या सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी. ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात आपल्या या गुरूचं नाव ठेवलं म्हणून ते आपल्याला माहीत आहे. बाले तिवारी नेमकं काय आणि कसं शिकवायचे, हे मात्र त्यांच्याबरोबर गेलं. अशा किती सुभेदारांची नावंसुद्धा उरली नसतील.

मराठी मुलखात याच काळात शिकवण्याची दुसरी परंपरा होती, तालमीची. तिला वस्ताद होता, आखाडा होता, शिस्त होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती संस्थांचं रूप घेऊ लागली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. बडोद्यातून द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. वस्तादाच्या डोक्यात असलेलं ज्ञान कागदावर उतरवायचा हा फार मोठा प्रयत्न होता. दक्षिणेत हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर १८५७ च्या शताब्दीचं निमित्त साधून १९५७ मध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं. मध्य प्रदेशातल्या आणि विदर्भातल्या शाळांना व्यायामशिक्षक मिळू लागले ते अशा संस्थांतून.

या शिक्षकाचं, म्हणजे पी.टी.च्या सरांचं काम अवघड होतं. त्यांनी कवायत घ्यायची, पंधरा ऑगस्टचं संचलन बसवायचं, खो-खो, कबड्डी, धावणं, उड्या सगळं शिकवायचं आणि जमलं तर फुटबॉलही. आमच्या शाळेत फुटबॉलच्या तासाला चाळीस मुलं आणि एक चेंडू असायचा. तास चाळीस मिनिटांचा. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिट यायचं. प्रत्यक्षात ते मिनिटही वर्गातली चार धिप्पाड मुलं खाऊन टाकायची. बारकी मुलं बचावाला उभी राहायची आणि चष्मेवाला गोलात. सर वाईट नव्हते. ते घामाघूम व्हायचे, ओरडायचे, आंतरशालेय सामन्यात संघ जिंकला तर स्वतःच्या खिशातून समोसे द्यायचे. चाळीस मुलांना एका चेंडूवर काय शिकवायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तालमीने मात्र एका गावात फुटबॉलला घर दिलं. कोल्हापुरात कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉलचा संघ एकाच नावाने नांदतात, हे बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही फुटबॉल संघांची नावं आहेत. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की पेठच्या पेठ उठून येते. तिथला मुलगा फुटबॉल शिकतो तो गल्लीत, थोरल्या पोरांच्या पायांतून चेंडू काढायचा प्रयत्न करत. त्याच्या मागे तालमीचे जुने खेळाडू उभे असतात. खेळ टिकवून धरण्याची ही ताकद मोठी आहे, भारतात फार थोड्या शहरांना ती लाभली आहे. पण पेठेची इज्जत पणाला लागलेली असते तेव्हा बारा वर्षांच्या मुलाने चेंडू पुढे न फेकता शांतपणे मागे पास द्यावा, चुकावं, पुन्हा करून बघावं, एवढा वेळ त्याला कोण देणार? २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्यात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. गल्लीने त्याला खेळाचं वेड दिलं, पण पद्धतशीर तयारीसाठी त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. भारत त्या स्पर्धेत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही हरला. मुलं जीव तोडून खेळली. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल हा भारताचा त्या स्पर्धेतला एकमेव गोल. समोरची मुलं सहा-सात वर्षांची असल्यापासून रोज शिकत आलेली होती आणि आपला संघ काही वर्षांत जमवलेला होता, हे सामने बघताना कळत होतं.

भारतीय फुटबॉलमध्ये एक काळ असा आला होता, की शिकवणारा खेळाच्या मध्यभागी होता. तो माणूस शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. त्या वेळी मराठवाडाही त्याच संस्थानात होता. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी घडवला आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या हारीनंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. १९६२ मध्ये जकार्ताला पुन्हा सुवर्ण. त्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध रहीमसाहेबांनी डोक्याला जखम असलेल्या बचावपटू जर्नेलसिंगला आघाडीला खेळवलं आणि भारताच्या दोन गोलांपैकी एक त्याच्या डोक्यावरून आला.

पदकांपेक्षा त्यांची शिकवण्याची रीत बघण्यासारखी आहे. ते सरावासाठी असे सामने लावायचे, ज्यात चेंडू घेऊन पळायला, ड्रिबल करायला बंदी. मग खेळाडूला मान वर करून सोबती शोधावाच लागे. काही सामन्यांत फक्त कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाचा खेळाडू आठवड्याभरात डाव्या पायावर विश्वास ठेवू लागे. इथे उपदेश काहीच नाही. नियम बदलला, की खेळाडू आपोआप नवी गोष्ट शोधतो. शाळेत गणित शिकवणारा चांगला मास्तर उदाहरण बदलून जे साधतो तेच हे. आज जगभरचे प्रशिक्षक मुलांना शिकवताना हेच करतात आणि त्याला मोठमोठी नावं देतात.

रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने गेले. त्यांच्या तालमीत तयार झालेले पी. के. बॅनर्जी पुढे प्रशिक्षक झाले. १९७० मध्ये बँकॉकला भारताने कांस्यपदक मिळवलं तेव्हा ते संघाच्या प्रशिक्षकांत होते. म्हणजे धागा एका पिढीपर्यंत पोचला. त्यानंतर आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारताला एकही पदक मिळालेलं नाही. या घसरणीची कारणं अनेक सांगतात : क्रिकेट, पैसा, संघटनांचं राजकारण. ती खरी आहेतच. पण एक साधं कारण मला त्यांच्या आधी दिसतं. एका मास्तराला जे उमगलं होतं ते पुढच्या शंभर मास्तरांपर्यंत पोचवायची सोय आपण वेळेवर केली नाही. प्रशिक्षक तयार करण्यासाठी पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली ती १९६१ मध्ये. तिथे हॉकीचे प्रमुख प्रशिक्षक म्हणून खुद्द ध्यानचंद यांनी काम केलं. ती फार मोलाची संस्था आहे. तरी पतियाळाहून पदविका घेऊन येणारा माणूस मुख्यतः मोठ्या संघांकडे जाणार. जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, गोंदिया इथल्या प्राथमिक शाळेच्या मैदानापर्यंत तो कसा पोचणार?

आणि तरीही या पट्ट्यात शिकवणारे पुढे आले, संस्था नव्हत्या तिथेही. सिवनीमार्गे दक्षिणेला गेलं की नागपूर लागतं. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. तिथल्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या पावसाळ्यात त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना चिखलात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं. त्यांनी मुलांना चेंडू दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या, क्रीडा विकास संस्था उभी राहिली आणि तीच ‘स्लम सॉकर’ म्हणून जगाला माहीत झाली. निवृत्तीनंतर हातात आलेले पैसे घालून त्यांनी नागपूरजवळ जागा घेतली. २०१६ मध्ये फिफाने या संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्या कामावर आला.

चित्रपटात स्वाभाविकच मुलं पुढे आहेत आणि प्रशिक्षक म्हणजे एक मोठ्या मनाचा माणूस आहे. पण नागपूरच्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट चित्रपटात मावणारी नव्हती. तिथे खेळायला आलेली मुलं मोठी झाल्यावर लहानांना शिकवू लागली. त्यांना शिकवायला शिकवलं गेलं. खेळातून गणित कसं घ्यायचं, मुलींनी मैदानावर यावं म्हणून घरच्यांशी कसं बोलायचं, ऐकू न येणाऱ्या मुलांना शिट्टीऐवजी कशाने थांबवायचं, ही सगळी शिकण्याची कामं आहेत. एक क्रीडाशिक्षक निवृत्त झाला तरी काम थांबलं नाही, ते यामुळे. इथे वस्तादाने डाव राखून ठेवला नाही.

दुसरी गोष्ट जबलपूरच्या पूर्वेची. कटनीला गाडी बदलून उमरियामार्गे गेलं की शहडोल येतं. शहडोल जिल्ह्यातलं विचारपूर हे आदिवासींची वस्ती असलेलं गाव. एकेकाळी ते हातभट्टीच्या दारूसाठी ओळखलं जायचं. तिथल्या पोरांच्या पायांतली चमक रईस अहमद या माजी राष्ट्रीय खेळाडूच्या नजरेस पडली. साधनं फारशी नव्हती, पण त्यांनी मुलांना नेटाने शिकवायला सुरुवात केली. आज या गावाला लोक ‘मिनी ब्राझील’ म्हणतात. पंतप्रधानांनी जुलै २०२३ च्या ‘मन की बात’मध्ये विचारपूरचा उल्लेख केला, तेव्हा गावातून चाळीसहून अधिक राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरचे खेळाडू निघाल्याचं आणि शहडोलच्या आसपास बाराशेहून अधिक फुटबॉल क्लब झाल्याचं सांगितलं. २०२५ मध्ये जर्मनीतल्या इंगोलश्टाट इथल्या क्लबने गावातल्या काही खेळाडूंना सरावासाठी बोलावलं आणि त्यांच्याबरोबर गावातल्या एक प्रशिक्षकही गेल्या.

वर्तमानपत्रांनी या प्रवासाची बातमी मुलांच्या भाग्योदयाची म्हणून छापली. मला वाटतं, त्या विमानातली सर्वांत मोलाची जागा प्रशिक्षकाची होती. मुलं आठवडाभर हिरव्या गवतावर खेळून परत येतील आणि ती आठवण आयुष्यभर जपतील. प्रशिक्षकाने तिथे जे पाहिलं असेल, सराव कसा आखतात, नोंदी कशा ठेवतात, चुकलेल्या मुलाशी कसं बोलतात, ते मात्र गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या उपयोगी पडेल. बाराशे क्लब असतील तर निदान बाराशे शिकवणारे लागतील. त्यांच्यापैकी किती जणांना कुणी काही शिकवलं आहे, यावर त्या क्रांतीचं आयुष्य अवलंबून आहे.

मुलांच्या प्रशिक्षकाने शिकायचं तरी काय? खेळ तर त्याला येत असतो. पण खेळता येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. काही गोष्टी साध्या वाटतात, पण कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाहीत. पहिली गोष्ट चाळीस मुलं आणि एका चेंडूचीच. त्याच मैदानाचे चुन्याने पाच तुकडे केले, पाच चेंडू आणले आणि चार-चार मुलांचे संघ केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला एका मिनिटाऐवजी पाच मिनिटं येतात. चष्मेवाल्यालाही चेंडू मिळतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केल्या त्या याच विचाराने : छोटं मैदान, थोडे खेळाडू, भरपूर खेळ.

दुसरी गोष्ट वयाची. दहा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच संघात खेळतात. मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. त्या वयात वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. प्रशिक्षक निवड करतो तेव्हा उंच, दणकट मुलाकडे बोट जातं आणि त्याला वाटतं आपण गुण हेरला. खरं तर त्याने जन्ममहिना हेरलेला असतो. कॅनडातल्या आइस हॉकीत ही गोष्ट १९८० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आली आणि पुढे ती फुटबॉलमध्येही दिसली. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. जन्मदाखल्यात वय कमी लावलेली मुलं. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीवरून वय पाहायची वेळ आपल्या स्पर्धांवर आली आहे. दाखला बदलायला लहान मूल स्वतः जात नाही. कुणीतरी मोठं माणूस त्याला नेतं, आणि ते माणूस अनेकदा त्याचं भलं करतो आहोत या समजुतीत असतं. प्रशिक्षकाच्या शिक्षणात चेंडूइतकाच हा विषयही यायला हवा.

तिसरी गोष्ट तोंड बंद ठेवण्याची, आणि ती आपल्याला सर्वांत जड जाते. वस्ताद आखाड्यात उतरून डाव दाखवतो. फुटबॉलचा प्रशिक्षक सामना सुरू झाला की रेषेबाहेर. चेंडू पायात असलेल्या मुलाने पुढच्या क्षणी काय करायचं ते त्यालाच ठरवायचं असतं. बाहेरून ‘मार, मार’ ओरडलं तर ते मूल मारतं, पण ठरवायला शिकत नाही. रहीमसाहेबांनी नियम बदलून जे साधलं ते ओरडून साधलं नसतं.

आता प्रशिक्षकांसाठी परवान्यांची शिडी आहे. तळाच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम जेमतेम आठवड्याभराचा असतो. पुढे सी, बी, ए आणि वर प्रो. ही सोय मोठी आहे, आधीच्या पिढीला ती नव्हती. पण शिडी चढायला रजा लागते, फी लागते, परगावी राहायला पैसे लागतात. आणि भाषा लागते. वरच्या पायऱ्यांवर इंग्रजी अटळ होत जातं. विचारपूरच्या मुलांशी प्रशिक्षक ज्या बोलीत बोलतो, कोल्हापूरच्या गल्लीत जी मराठी चालते, नागपूरच्या वस्तीत जी वऱ्हाडी आणि हिंदी मिसळलेली ऐकू येते, त्या भाषांत हे ज्ञान अजून फारसं लिहिलं गेलेलं नाही. मुजुमदारांनी व्यायामाचं मराठीत केलं तसं काम मुलांच्या फुटबॉलचं कुणीतरी मराठीत, हिंदीत, गोंडीत करायला हवं. अनेक भाषांच्या वाचकांसमोर हे मांडायला संकोच वाटत नाही. भाषांतर हे साहित्याचंच काम असतं असं नाही. मैदानावरच्या सरांच्या हातात त्यांच्या भाषेतली चाळीस पानी वही असणं, हेही भाषांतराचंच काम आहे.

ती वही दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. तिच्यात बाहेरचं ज्ञान यावं आणि सरांना जे उमगलं तेही तिच्यात उतरावं. कोणत्या खेळाने बुजरी मुलगी बोलायला लागली, कोणत्या महिन्यात शेतीच्या कामामुळे मुलं गळतात, अनवाणी मुलाला बूट पहिल्यांदा दिल्यावर काय होतं. हे कुठल्याच परवान्याच्या पुस्तकात नसतं. बाले तिवारींना हे असं बरंच काही ठाऊक असणार. आपल्यापर्यंत त्यांचं फक्त नाव पोचलं.

परवा मैदानावर सर मुलांना घरी पाठवून चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होते. पूर्वी एक असायचा, आता सहा आहेत. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा मागे थांबून चुन्याच्या खुणा पायाने मोजत होता. विचारलं, तर म्हणाला, उद्या लहान मुलांचा तास सर त्याला घ्यायला देणार आहेत, म्हणून आधी बघून ठेवतो आहे. सर पिशवीची गाठ मारत त्याला म्हणाले, “चार-चारचेच संघ कर. आणि बाहेरून ओरडू नकोस.”